शुक्रवारी रुसणारा गिअर

कुसकुसची पहिली वाफ झाली होती. रकियाने चाळणीतला रवा लाकडी परातीत उपसला, त्यावर मिठाचं पाणी शिंपडलं आणि गरमगरमच गुठळ्या फोडायला बसली. शुक्रवारचं हे काम तीनदा करायचं असतं: वाफवायचं, मोकळं करायचं, पुन्हा वाफेला लावायचं. घाई केली की कुसकुस चिकट होतो आणि मग आठवडाभर कुणी ना कुणी त्याची आठवण काढतं. अर्ध्या गुठळ्या फुटल्या होत्या आणि अर्ध्या राहिल्या होत्या, तेवढ्यात खाली गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला.

कर्रर्र.

रकियाचे हात परातीतच थांबले. ओठांवरचा जप मात्र चालू राहिला. पुन्हा एकदा, जास्त लांब: कर्रर्रर्र. मग क्षणभर काहीच नाही. मग गाडी धक्का खाऊन पुढे गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

"रकिया!" शेजारच्या गच्चीवरून लल्ला तामने हाक मारली. लल्ला ताम गच्चीवर कपडे वाळत घालते असं सगळे म्हणतात, पण तिच्या घरात एवढे कपडे आहेत कुठे? "अगं, तुमच्या गाडीला पुन्हा खोकला लागला बघ."

"थंडी पडलीय," रकिया म्हणाली.

"नवी नवरी आणि म्हातारीसारखी कण्हते. आमचं गाढव चढावर एवढा आवाज करत नाही."

"गाढवाला तरी तुझ्या गच्चीवरचं ऐकू येत नाही, लल्ला ताम. सुखी आहे ते."

लल्ला ताम हसली आणि एक फडका झटकून गेली. रकियाने पुन्हा गुठळ्या फोडायला घेतल्या, पण मन खाली गल्लीत गेलं होतं.

तिचा नवरा अल्लाल. सफ्रू गावात त्याला नावापेक्षा धंद्याने जास्त ओळखतात. सफ्रू ते फेस शहर ही बस त्याने उभं आयुष्य चालवली. कंपनीची बस, कंपनीची टोपी, कंपनीचे काळे, नाडीचे बूट. डेपोत रोज सकाळी साहेब बूट बघायचा. पॉलिश नसेल तर परत पाठवायचा. अल्लालला कधी परत पाठवलं नाही. रकिया शेजारच्या भालील गावची. लग्न झालं तेव्हा माहेरची माणसं तिला त्याच्याच बसने घेऊन आली होती, आणि त्या दिवशी बस चालवत होता दुसराच ड्रायव्हर, कारण नवरदेवाला सुट्टी दिली होती. "तेवढी एकच फेरी मी प्रवाशासारखी केली," अल्लाल सांगायचा, "आणि त्या माणसाने सगळ्या वाटेत ब्रेक इतके जोरात मारले की मला बोलायला सुचलं नाही. नाहीतर मी तुला वाटेतच हसवलं असतं."

स्वतःची गाडी मात्र त्याने कधी घेतली नाही. कामावर बस होतीच, आणि सुट्टीच्या शुक्रवारी मशिदीपर्यंत तो पायीच जायचा. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, वरच्या वस्तीतले, कुराण शिकवणारे फकीह बुश्ता पूर्ण आंधळे झाले आणि भालीलला रकियाची बहीण यामना मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली. या तिन्ही गोष्टींसाठी म्हणून, आणि खरं सांगायचं तर एकदा तरी स्वतःची म्हणून, त्याने पांढरी गाडी घेतली. कोरी. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

गाडी दारात आली तेव्हा रकियाने चारही चाकांवर दूध शिंपडलं, आत संत्र्याच्या फुलांचं पाणी शिंपडलं. आणि नवऱ्याला भेट म्हणून फेसहून सपाता आणल्या: पिवळ्या चामड्याच्या, दुहेरी तळाच्या, टाच मुडपून सपाट बसवलेल्या, शुक्रवारच्या पांढऱ्या पायघोळ झग्याखाली घालण्यासारख्या. अल्लालला साखरेचा आजार, संध्याकाळी पाय सुजतात, म्हणून तिने एक नंबर मोठ्या घेतल्या.

"कशा बसल्या?" तिने विचारलं होतं.

"छान," तो म्हणाला. तो विषय तिथे संपला.

आणि पहिल्याच शुक्रवारी गाडी रुसली. फकीह बुश्तांना आणायला निघताना पहिला गिअर पडेना. कर्र, कर्र, मग कसाबसा पडला. शनिवारी काही नाही. रविवारी भालीलला गेले, आले, लोण्यात सुरी फिरावी तसा गिअर. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच, तेही एकदा अडला आणि एकदा नाही. मध्येच एका मंगळवारी भट्टीवाल्या सलामच्या मयताला गेले तेव्हा कब्रस्तानाच्या दारात रिव्हर्स पडेना; माणसं शव सोडून गाडीकडे बघायला लागली. नातेवाइकांच्या बारशालाही तसंच. फेसच्या वर्कशॉपमध्ये मात्र ती शहाण्या मुलीसारखी वागायची. अल्लाल पँट घालून, आपले जुने काळे बूट घालून, कागदपत्रं घेऊन जायचा. ग्रीसचं काम, तिथे झग्यात कोण जातं? तिथला निळ्या कपड्यांतला तरुण गाडी फिरवून आणायचा आणि चावी परत द्यायचा.

दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "बाबा, गाडीत काहीच नाही. तुम्ही क्लच पूर्ण दाबता ना?"

घरी आल्यावर अल्लाल चहाचा पेला हातात घेऊन म्हणाला, "मला विचारतो क्लच दाबता का. त्याच्या बापाला मी रोज शाळेच्या दारात उतरवलंय. शेंबूड पुसून उतरवलंय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, दाबतो."

पण त्या दिवसापासून त्याच्या बोलण्यात काहीतरी कमी झालं.

लल्ला तामचं मत पक्कं होतं. "गर्दीत जाते तेव्हाच अडते की नाही? जुम्मा, मयत, बारसं. म्हणजे नजर. कोरी गाडी, पांढरा रंग, तुम्ही तर लोकांच्या डोळ्यांसमोर साखरेचा खडा ठेवलाय." रकियाला ते पटलंही, कारण जमत होतं. तिने निखाऱ्यावर तुरटी आणि हरमलच्या बिया टाकून गाडीभोवती सात फेऱ्या मारल्या. तुरटी फुगून तिचा डोळा झाला, असं लल्ला तामला दिसलं. रकियाला बटाटा दिसला, पण ती बोलली नाही.

फकीह बुश्तांना धुराचा वास आला. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याच पुढ्यात बसून कुराण पाठ केलं, त्यामुळे ते कुणालाही काहीही बोलू शकतात. "रकिया, मुली, हा धूर कशाचा?"

रकियाने सांगितलं.

"धुराने डास जातात," ते म्हणाले. "बाकीचं काम कुराणातल्या आयतांचं. दोन्ही शेवटच्या सुरा म्हण आणि गाडीला वारा लागू दे, खोकला येतोय मला."

तेव्हापासून रकिया रोज सकाळच्या नमाजानंतर दोन्ही सुरा म्हणून खिडकीतून गाडीवर फुंकर मारत होती. आणि आज, कुसकुसच्या दिवशी, गाडी पुन्हा कर्र करून गेली होती.

दुसरी वाफ, तिसरी वाफ झाली. भोपळा, गाजर, सलगम, कोबी शिजून तयार झालं. परत यायची वेळ टळून गेली. अल्लाल आला तेव्हा त्याचा चेहरा झग्याइतकाच पांढरा होता. तो जेवायला बसला, चमचा उचलला, ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. वेशीपाशी चढावर गिअर पडला नाही. गाडी मागे घरंगळली."

"मग?"

"मागे निवडुंगाच्या फळांची हातगाडी होती. ब्रेक लागला. हातभर अंतर राहिलं. बाईने ओरडून माझे सगळे पूर्वज उठवले."

"कुणाला लागलं नाही ना?"

"नाही."

रकियाने अल्लाचे आभार मानले आणि त्याच्या पुढ्यात मटणाचा तुकडा सरकवला. त्याने तो परत तिच्या बाजूला सरकवला.

बातमी घरातून गेली नाही, तरी संध्याकाळी तांजियरहून जवादचा फोन आलाच. जवाद त्यांचा एकुलता एक, बंदरावर नोकरी. हातगाडीवाल्या बाईचा पुतण्या त्याच्याबरोबर शिकलेला.

"आई, बाबा कुठे आहेत?"

"नमाजाला."

"बरं झालं. ऐक. गॅरेजवाले म्हणतात गाडी ठीक आहे. बरोबर?"

"हो."

"मग अडतंय काय? पाय. डॉक्टरने सांगितलं होतं की नाही, साखरेने बोटांना कळायचं कमी होतं म्हणून? बाबांना वाटतं क्लच तळापर्यंत गेला, आणि तो गेलेला नसतो."

"रोज नाही अडत, बाळा."

"पायही रोज सारखा नसतो. आज हातगाडी होती. उद्या एखादं मूल असेल, मग?" तो हळू आवाजात म्हणाला, "मी येत्या शुक्रवारी येतोय. गाडी मी तांजियरला घेऊन जाणार. चावी माझ्याकडे राहील. तू बाबांना आधी सांग, मला सांगवणार नाही."

रकियाने सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. अल्लाल दारातून आत आला तेव्हा तिने फोन अजून कानालाच धरला होता, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस कानाला धरलेल्या फोनवरूनही पुष्कळ वाचतो.

तो आठवडा शांत गेला. गाडीने एकदाही आवाज केला नाही. रविवारी ते भालीलला गेले. यामनाने बहिणीच्या हातून केस विंचरून घेतले आणि विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना?" रकिया म्हणाली, "अल्लाच्या मर्जीने." नेहमी ती हे सहज म्हणते. या वेळी म्हणताना तिला सहा माणसं कोंबलेली भाड्याची टॅक्सी आठवली, भर उन्हातला थांबा आठवला, आणि यामनाचा हात तिने जरा जास्त वेळ धरून ठेवला.

बुधवारी ती बटणांचा रेशीमधागा घ्यायला अंगणात आली. झग्यांची रेशमी बटणं विणणं हे भालीलच्या बायकांचं काम, आणि रकियाची बोटं रिकामी बसत नाहीत. अंगणात अल्लाल बुटक्या स्टुलावर बसला होता. समोर भिंतीला टेकवून पिठाचं पोतं. डावा पाय अनवाणी, पोत्यावर रोवलेला. डोळे मिटून तो पोतं दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. जणू पोत्याखालून काही उत्तर येणार होतं.

तिची चाहूल लागताच त्याने पाय खाली घेतला. "पीठ सादळलंय का बघत होतो."

"पायाने?"

"हाताला कळत नव्हतं."

रकियाने धागा घेतला आणि आत गेली. आत जाऊन तिने रडून घेतलं नाही, कारण रडलं की डोळ्यांना बटणाचे फेर दिसत नाहीत. पण त्या दुपारच्या नमाजात कपाळ जमिनीला टेकवून ती नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिली. या अल्ला, तो पाय त्याचाच राहू दे. गाडी राहिली तर शुक्रवारी मशिदीत कुसकुसचं भरलं ताट. मग तिला वाटलं, अल्लाशी घासाघीस करणं बरं नाही. ताट काही झालं तरी न्यायचंच, असं तिने ठरवून टाकलं. गाडी राहो, जावो.

शुक्रवारी सकाळी जवाद आला. अंगाने भरलेला, शहरी जाकीट, चकचकीत टोकदार बूट. बापाच्या खांद्याचं चुंबन घेतलं. दोघं पुदिन्याचा चहा प्यायले, तांजियरच्या वाऱ्याबद्दल बोलले, चावीबद्दल कुणीच बोललं नाही. चावी भिंतीवरच्या खिळ्याला होती. अल्लाल तिच्याकडे पाठ करून बसला होता.

नमाजाची वेळ जवळ आली. जवादने कपाटातला आपला जुना पांढरा झगा अंगावर चढवला आणि दारात बूट घालायला बसला.

"असले बूट घालून मशिदीत?" रकिया म्हणाली. "काढायला अर्धा तास, घालायला अर्धा तास. सपाता नाही आणल्यास?"

"बंदरावर सपाता घालून जाऊ का, आई? लोक म्हणतील ड्युटीवर की हमामात."

अल्लाल उठला. त्याने आपल्या पिवळ्या सपाता मुलाच्या पायाशी सरकवल्या. "या घाल."

"आणि तुम्ही?"

"मी काय, मला आज कुठे चालवायचंय." आणि त्याने आपले काळे बूट ओढले. चावी खिळ्यावरून काढून त्याने जवादच्या हातात दिली. हात लांब करून, तोंड दुसरीकडे करून.

उंबऱ्याजवळ पडलेला जवादचा एक बूट तळ वर करून उलटा झाला होता. रकियाने जाता जाता तो पायाने सरळ केला. उलटी पडलेली वहाण तिला बघवत नाही. तळवा आभाळाकडे असणं म्हणजे देवाकडे पाय करणं, असं तिची आई म्हणायची. सफ्रूतल्या कुठल्याही दारातून ती आत शिरली की आधी तिथली वहाणांची रांग बघते, मग घरातली माणसं.

गाडीत जवाद चालवायला, अल्लाल शेजारी, मागे रकिया मांडीवर झाकलेलं ताट घेऊन. गाडी निघताना कुरकुरली नाही. वरच्या वस्तीत फकीह बुश्तांना घेतलं. ते रकियाशेजारी बसले आणि त्यांनी लगेच मान वळवली.

"आज कोण चालवतंय? हा अल्लाल नाही."

"मी जवाद, फकीह."

"अस्सं. तू लहानपणी सुरा चुकायचास, अजून चुकतोस?"

"चुकतो, फकीह."

"ठीक आहे, खरं तरी बोलतोस."

जवादला हसू आलं. अल्लालला नाही. तो समोर बघत होता, पण रकियाला मागून दिसलं, त्याचा डावा पाय काळ्या बुटात हळूच दबत होता, सुटत होता. मुलाच्या प्रत्येक क्लचबरोबर.

वेशीपाशी चढ आहे. शुक्रवारी तिथे सगळं गाव एकत्र येतं. पुढची टॅक्सी थांबली म्हणून जवाद थांबला. टॅक्सी सुटली. जवादने पहिला गिअर टाकायला हात हलवला.

कर्रर्र.

जवादने पुन्हा हलवला. कर्रर्रर्र. गाडी जरा मागे सरली, त्याने ब्रेक मारला, ताटातली भाजी झाकणावर आपटली. मागून हॉर्न.

"क्लच दाब," अल्लाल म्हणाला.

"दाबलाय, बाबा!"

"पूर्ण दाब."

"पूर्ण दाबलाय! खाली जागाच नाही आता!" आणि मग त्याला स्वतःच्या वाक्याचा अर्थ कळला. त्याने बापाकडे बघितलं. "म्हणजे... गाडीतच आहे काहीतरी. तो फेसचा गाढव म्हणतो काही नाही. मी उद्या जातो, असा धरतो एकेकाला—"

"आधी माणसांना जाऊ दे," फकीह म्हणाले. "मागे शंभर मुसलमान हॉर्न वाजवतायत आणि त्यांना नमाजाला उशीर होतोय. एवढ्या जणांचे शाप आयतांनी सुद्धा सुटणार नाहीत."

"आई, तू खाली उतर. फकीह, तुम्ही बसा. ओझं कमी झालं तर बघतो, मागे घेऊन बाजूला लावतो." जवादने मागे बघायला आपलं दार उघडलं.

रकिया ताट घेऊन उतरली आणि चढावरून गाडीला वळसा घालून भिंतीकडे निघाली. उघड्या दारासमोरून जाताना तिची नजर सवयीने खाली गेली. आधी वहाणा, मग माणूस.

जवादची डावी टाच उघडी होती. पाय क्लचवर होता, पण सपात पायात अर्धीच. मागचा भाग टाचेवरून सुटून खाली लोंबत होता, आणि पेडल जिथे जमिनीला टेकायला हवं तिथे तो दुहेरी तळ दुमडून, चिमटीत सापडल्यासारखा अडकला होता. एक बोटभर. त्याहून जास्त नाही.

"जवाद," ती म्हणाली. "सपात काढ."

"काय?"

"सपात काढ पायातली."

"आई, इथे मागे रांग लागलीय—"

"म्हणूनच सांगते. काढ."

तिचा तसला आवाज तो लहानपणापासून ओळखत होता. त्याने वाकून डावी सपात उपटून काढली. नुसत्या मोज्याच्या पायाने क्लच दाबला. तो आणखी खाली गेला, जरासाच, आणि गिअर टक् करून पडला, जसा रविवारी पडायचा, शनिवारी पडायचा, फेसच्या वर्कशॉपमध्ये पडायचा.

"ऐकलंत?" फकीह म्हणाले. "खोकला गेला."

गाडी वर आली आणि मशिदीच्या भिंतीपाशी थांबली. रकिया ताट घेऊन चढ चढून येईपर्यंत अल्लाल खाली उतरून उभा होता. त्याच्या हातात ती पिवळी सपात होती. त्याने ती उलटी केली. तळव्याच्या मागच्या टोकाला पेडलच्या कडेचा काळा चकाकता वण पडला होता. एकदाचा नव्हे, पुष्कळ शुक्रवारांचा.

"शुक्रवार," जवाद हळूच म्हणाला. "मयत. बारसं."

"आणि फेसला बूट," अल्लाल म्हणाला. "बसमध्येही बूट. आयुष्यभर बूट." त्याने सपात सरळ केली. आणि मग रकियाकडे न बघता म्हणाला, "ही मला मोठी होते."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. चालताना बोटांनी धरून ठेवावी लागते."

"मग बोलला का नाहीत? मी विचारलं होतं, कशा बसल्या."

"तू फेसहून आणल्या होत्यास."

रकियाला राग आला, आणि रागाच्या मागून दुसरंही काहीतरी आलं, ज्याला भर रस्त्यात जागा नव्हती. तिने ताट जवादच्या हातात दिलं. "आत नेऊन दे. गार होतंय."

"अल्लाल," गाडीच्या दारात काठी टेकत फकीह म्हणाले, "मशिदीच्या दारात काढतोस ना वहाणा? मग गाडीच्या दारात काढायला काय लाज आहे? तुझ्या घरापेक्षा तर ती स्वच्छ आहे, सीटवर प्लास्टिक आहे म्हणतात." आणि हसत हसत त्यांनी त्याचा हात धरला.

रकिया बायकांच्या बाजूला गेली. नमाजात तिने अल्लाकडे काही मागितलं नाही. मागायला गेली की तिला पिठाचं पोतं दिसायचं आणि शब्द अडायचे. म्हणून तिने नुसतं कपाळ टेकवलं आणि राहू दिलं.

बाहेर आल्यावर बापलेक गाडीपाशी उभे होते. आधी काहीतरी बोलून झालेलं दिसत होतं, कारण दोघांचेही कान लाल होते.

"सोमवारी डॉक्टर," जवाद म्हणाला. "पाय पूर्ण तपासायचा. सुई टोचून, काय करतात ते सगळं. डॉक्टर म्हणाला चालवा, तर चालवा. नाही म्हणाला, तर वाद नाही."

"नाही म्हणाला, तर मीच चावी पाठवतो," अल्लाल म्हणाला. "टपालाने. तुला यायचाही त्रास नको."

"बाबा."

"बरं, बरं. सोमवारी."

जवादने चावी पुढे केली. या वेळी अल्लालने ती घेताना तोंड फिरवलं नाही. "आणि आता चला, तुम्हीच चालवा," जवाद म्हणाला. "मला मोज्यांवर सवय नाही. शिवाय वेशीतल्या लोकांनी मला आज बघितलंय, परत दिसलो तर दगड मारतील."

अल्लालने काळे बूट घालून गाडी उतारावरून घरापर्यंत आणली. सगळी वाट एकही आवाज नाही. वरच्या वस्तीत फकीहांना सोडताना ते दार धरून क्षणभर थांबले.

"एक तोटा झाला," ते म्हणाले. "तुझी गाडी आली की मला लांबून कळायचं. काठी शोधायला वेळ मिळायचा. आता तुला हाक मारावी लागेल."

"हॉर्न वाजवीन, फकीह."

"हॉर्न सगळेच वाजवतात."

घरी कुसकुस पुन्हा वाफेला लावावा लागला. लल्ला ताम गच्चीवर कपडे वाळत घालत होती. "रकिया! आज गाडी येताना ऐकू आली नाही गं! विकली का?"

"दारात आहे. खाली वाकून बघ."

लल्ला तामने वाकून बघितलं. "म्हणजे तुरटीने काम केलं! मी म्हटलं होतं की नाही, डोळा होता तो!"

रकियाने तिला खरं सांगायचं ठरवलं होतं. पण अल्लाल मागे उभा होता, जेवायच्या आधी हात धूत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी लल्ला तामच्या बोलण्याचं हसू होतं. "हो, लल्ला ताम," ती म्हणाली, "बटाट्याएवढा डोळा."

जेवताना अल्लालने मटणाचा तुकडा परत सरकवला नाही. जवादने दोनदा वाढून घेतलं आणि तिसऱ्यांदा आधी नाही म्हणाला, मग घेतलं. पिवळ्या सपाता उंबऱ्यापाशी शेजारी शेजारी, तळवे खाली, सरळ ठेवलेल्या होत्या. भांडी घासून झाली, गावाला जाणाऱ्या मुलासाठी डब्यात उरलेला कुसकुस भरून झाला, मग रकियाने त्या सपाता उचलल्या आणि जुन्या कापडात गुंडाळून आपल्या बाजाराच्या पिशवीत घातल्या. शनिवारी सकाळी तिला चांभाराकडे जायचं होतं: मुडपलेली टाच उभी करून मागून शिवून घ्यायला.